बाबांनी न वाचलेली दोन पानं

पुस्तकावरून सिनेमा काढला की मला आधी तिडीक येते आणि मग मी तो सिनेमा पाहते. स्वभावच तसा, काय करणार! नवा रायपूरच्या ऑफिसात सगळ्यांना हे माहीत आहे. कोणी नुसतं म्हणालं, “मॅडम, वो पिक्चर देखी क्या, नॉवेल पे बनी है,” की त्याचा अर्धा तास गेलाच समजा. काय कापलं, काय घुसडलं, कोणाला उगाच गोरंगोमटं करून ठेवलं. पुस्तकात आहे तसं दाखवायला यांच्या बापाचं काय जातं, हे माझं पालुपद. या पालुपदापायी मी माझ्या आईचं जे नुकसान केलं ते भरून येणारं नाही. म्हणून लिहिते आहे.

माझ्याआधी आईला एक मुलगी होती. चार वर्षांची असताना तापाने गेली. मी तेव्हा आठ दिवसांची होते आणि आई बाळंतिणीच्या खाटेवर. दवाखान्यात बाबा एकटेच होते. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं की ती झोपेतच गेली, तिला काही कळलंच नाही, कोणाची आठवणसुद्धा काढली नाही. आई यावर जगली. विषय निघाला की रडायची, पण शेवटी म्हणायची, “झोपीतच गेली माय माही. तरास नाही झाला तिले.” मग पदराने डोळे पुसून कामाला लागायची.

आईला वाचता येत नाही. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते आणि आमच्या पाऱ्याचे, म्हणजे वस्तीचे, वाचक. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जायचा. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी सतरंजीवर बसून ऐकायचं. वाचणारे कायम बाबाच. एक ओळ गाळायचे नाहीत. शब्द अडला तर मागे जाऊन अख्खं वाक्य पुन्हा वाचायचे. कोणी दुसरा वाचायला बसला आणि मधेच आपलं काही सांगायला लागला, तर बाबा बसल्या जागेवरून दटावायचे, “लिहिलं हाय तेच वाच. आपल्या पदरचं घालू नको.” त्यामुळे बाबांनी वाचलं म्हणजे ते लिहिलेलंच असणार, यात आमच्या घरी कोणाला कधी शंका आली नाही.

वर्षावास संपला की घरी कादंबरी सुरू व्हायची, रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. मी दहा वर्षांची असताना त्यांनी एक जुनी, जाडजूड कादंबरी आणली. त्यात एका कोष्ट्याचं घर होतं आणि त्या घरात एक हट्टी लहान मुलगी, बापाच्या मागापाशी दिवसभर लुडबुड करणारी. ती आजारी पडते. तिथे बाबा थांबले आणि मला पाणी आणायला सांगितलं. प्यायले, घसा साफ केला आणि पुढे वाचलं. मुलगी बरी झाली. हवापालट म्हणून तिला दूरच्या गावी मावशीकडे पाठवलं.

पुढे दर दोन-तीन प्रकरणांनी तिचं पत्र यायचं. मी आता दोन वेण्या घालते. मावशीची म्हैस व्याली. मला शाळेत पहिल्या बाकावर बसवलं. आई भाकरी थापता थापता मधल्याच वारी मला विचारायची, “या रविवारी येईल का वं तिचं पत्र?” बाबा हसायचे. कधी कधी हसायचेही नाहीत. कादंबरी संपली तेव्हा त्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आई इतकी खूश झाली की तिने शिरा केला.

बाबांना जाऊन आता बारा वर्षं झाली. परवाच्या उन्हाळ्यात त्याच कादंबरीवर सिनेमा आला. माझ्या मुलीने तो घरच्या टीव्हीवर लावला. मी आईला आणून समोर बसवलं, स्वतः बसवलं! पाऊण तास आई रमली होती. “हे तेच घर, हे तेच घर,” म्हणत होती. मग त्या कोष्ट्याच्या मुलीला ताप आला. पडद्यावर ती पोर आईला हाका मारत राहिली. तिची आई दुसऱ्या गावी हाटाला गेलेली. ती परत यायच्या आत पोर मेली, डोळे उघडे ठेवून.

माझी आई उठून उभीच राहिली. “काहून मारली तिले? ते तं बरी होते! मावशीकडे जाते!” माझी मुलगी म्हणाली, “आजी, रो मत ना, पिक्चर है बस.” आई तिच्याकडे न पाहता मला म्हणाली, “तू जाऊन सांग त्यायले. एवढी शिकली ना तू? सांग, बाबानं वाचलं ते असं नाही.”

मी म्हटलं, सांगते ना! सोडते की काय!

शंकर नगरमध्ये एका हॉलमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी मराठी मंडळी जमतात. मराठ्यांच्या राज्यापासून रायपुरात असलेली जुनी घरं, बहुतेक वकील, डॉक्टर. त्यांच्या स्वच्छ मराठीपुढे माझं “करून राहिली” बाहेर पडू नये म्हणून मी एरवी गप्प असते. त्या रविवारी विषय नेमका तोच सिनेमा होता. मी पहिला हात वर केला. म्हटलं, कादंबरीचा गळा घोटलाय यांनी. सगळ्यात सुंदर काय होतं, तर त्या मुलीची पत्रं. तीच उडवली! रडवायला सोपं जावं म्हणून एक जिवंत पोर मारून टाकली!

मग एक पांढऱ्या केसांच्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, “ताई, कुठली पत्रं?” आणि त्यांच्या हातातलं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. पान काढूनच दिलं. ती दोन पानं मी सगळ्यांसमोर उभ्याने वाचली. ताप, हाका, हाटाला गेलेली आई, उघडे डोळे. सिनेमावाल्यांनी एक अक्षर बदललं नव्हतं. पुढची पानं चाळली. पत्र एकही नव्हतं. मी ते पुस्तक जन्मात स्वतः वाचलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चहा आणि आलूगुंडे, म्हणजे आपले बटाटेवडे, आले, मी न खाता निघाले. घरी येईपर्यंत रिक्षात नुसती जळत होते. मला दिसत होतं फक्त माझं कापलेलं नाक. बाबांनी हे का केलं असेल, कोणासाठी केलं असेल, हे एका क्षणासाठीही मनात आलं नाही. खरं सांगते, आलं नाही.

आई दारातच होती. “सांगितलं त्यायले?”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. “काय सांगू? पुस्तकात मरतेच ती, आई! पत्रं-बित्रं काही नाही. सगळं बाबांनी मनानं रचलं. खोटं वाचलं त्यांनी तुला!”

आई खुर्चीवर बसली. मला वाटलं रागावेल, बाबांना चार शिव्या घालेल. पण तिने विचारलं, “मंग माह्या पोट्टीचं?”

मला आधी कळलंच नाही.

“ते झोपीत गेली म्हणे. ते बी त्यानंच सांगतलं मले. का तिनं बी हाका मारल्या?”

मी तिच्यापाशी खाली बसले, हात धरले. म्हटलं, “नाही गं आई, ते खरं होतं. झोपेतच गेली ती. बाबा असं कसं खोटं बोलतील?”

“तुले काय मालूम? तू आठ दिवसाची होती.”

दवाखान्यात त्या वेळी जे डॉक्टर, नर्स होते, त्यांतलं आता कोणी उरलेलं नाही. बाबांना विचारता येत नाही. मी किती वेळा शपथ घेतली, “माझ्या पोरीची शपथ, आई” असंसुद्धा म्हटलं. पण माझ्या शपथेत काय जीव आहे! खरं काय ते मला माहीतच नाही, आणि हे तिला माहीत आहे. ती आता “झोपीतच गेली” असं म्हणत नाही. डोळे पुसून कामालाही लागत नाही, नुसती बसून राहते.

आता कोणी पुस्तकात आहे तसंच दाखवा म्हणालं, की मी उठून जाते. बाबांनी एवढ्या मोठ्या पुस्तकातलं एक मरण काढलं आणि ते झाकायला दर दोन-तीन रविवारी एक पत्र लिहिलं. फिटर माणूस, सहा दिवस लोखंड घासायचा आणि सातव्या दिवशी हे. बाबा, मला माफ करा. मी तुमची सगळी मेहनत एका वाक्यात मातीत घातली.

काल दुपारी आई बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होती. मी स्वयंपाकघरात होते. ती एकदम, कोणाच्या हाकेला ओ दिल्यासारखी, म्हणाली, “हव वं माय, आली, येऊनच राहिली.” मी ओल्या हातांनी धावत गेले. सूप बाजूला ठेवून ती उठायला लागली होती.

“काय झालं आई? मला बोलावलंस?”

“तुले नाही,” ती म्हणाली.