भागूबाईच्या अकरा भाकरी

दहिवलीच्या शाळेतले वाल्मिक गुरुजी पेपरापायी वाया गेले, असं त्यांची बायको म्हणायची. ती कळंबला सासू-सासऱ्यांजवळ राहून म्हणायची, त्यामुळे गुरुजींना त्याचा फारसा त्रास नव्हता. बाकी माणसाला सुपारीचंही व्यसन नाही. शाळा सुटली की नदी ओलांडून कर्जत स्टेशनात जायचं, तिकीटबाबूंनी वाचून टाकलेला कालचा पेपर मागून आणायचा आणि चिमणीच्या उजेडात जाहिरातींसकट वाचून काढायचा, एवढंच त्यांचं सुख. मुंबईत शिळी झालेली बातमी दहिवलीत ताजी असायची.

शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी चौथीच्या फळ्यावर गुरुजी एक बातमी लिहीत आणि तिच्याखाली दर वेळी तोच प्रश्न लिहीत : यात दुखतंय कुणाला?

लढाईचे दिवस होते. किती विमानं पाडली, कोण किती कोस पुढे सरकलं, हे पोरांना ऐकायचं असे. गुरुजी त्याला हात लावत नसत. एकदा त्यांनी लिहिलं, की समुद्रात मालाची बोट बुडाली. वाघ्या म्हणाला, दुखतंय बोटीच्या मालकाला. गुरुजी म्हणाले, अजून? कुणी म्हणालं, खलाशांना. गुरुजी म्हणाले, अजून?  मग मागच्या ओळीतली जयवंता खाली बघत म्हणाली, "खलाशाच्या आयेला. पर तिला अजून कळलंच नसंल."

गुरुजी खडू ठेवून बाहेर गेले आणि डोळ्यांवर पाणी मारून आले. कारण जयवंताला हे कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं. तिचा बाप पोपट मराठा पलटणीत होता. एक्केचाळीस साली आफ्रिकेत केरनच्या डोंगरात इटलीच्या फौजेशी लढताना तो पडला. आई तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली. घरात उरल्या ती आणि तिची आजी भागूबाई. सरकारचा कागद आला तेव्हा तो वाचायला गुरुजींनाच बोलावलं होतं. इटली म्हणजे काय, हे भागूबाईनं विचारलं आणि गुरुजींनी अंगणात काटकीनं नकाशा काढून दाखवला. भागूबाईनं तो पायानं पुसला, आणि त्या दिवसापासून तिचं बोलणं आटलं. विहिरीवर बाया हाक मारायच्या, ती हं म्हणून घागर उचलायची. दोन वर्षं हे असं चाललं.

त्रेचाळीस साली गौरी-गणपती उरकल्यावर गुरुजींना पेपरात एक बातमी सापडली. पोलंड नावाच्या देशातली आईबापाविना पोरं कुठून कुठून फिरत हिंदुस्थानात आली होती आणि त्यांना टोळ्याटोळ्यांनी कोल्हापूरकडे नेणार होते. गुरुजींनी ती फळ्यावर लिहिली. या वेळी दुखतंय कुणाला, हे विचारावंच लागलं नाही. वाघ्यानंच विचारलं, "गुरुजी, कोल्हापूरची गाडी आपल्या कर्जतवरनंच जाते ना?"

जाते, आणि थांबतेही. घाट चढायला मागून इंजिनं जोडावी लागतात, त्यासाठी प्रत्येक गाडीला कर्जतला पाच-दहा मिनिटं उभं राहावंच लागतं. मग काय, पोरांनी ठरवूनच टाकलं. गुरुजींनी स्टेशनात रुळांचे सांधे बदलणाऱ्या हिरूला कानात सांगून ठेवलं. चार दिवसांनी हिरूचा निरोप आला, "उद्या सकाळी गोऱ्यांची स्पेशल हाय, पुण्याकडं." तेवढं गुरुजींना पुरलं. गोऱ्यांची म्हणजे पोलंडच्या पोरांची, असं त्यांनी धरून चाललं. दुसरे गोरे जगात असतील, हे त्या पेपरवेड्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. आपल्या मनासारखी बातमी कळली की शहाणा माणूसही उलटून विचारत नाही.

त्या साली तांदूळ डोळ्यांना दिसत नव्हता. शेतातलं भात सरकार नेत होतं. तरी घरोघर पोरांनी हट्ट धरला, आणि दोन-दोन, चार-चार भाकरी निघाल्या. भागूबाईकडे गुरुजी स्वतः गेले, पण ते मागायला नव्हे. जयवंताला स्टेशनात पाठवा, एवढंच सांगायला. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "आया कुणालाच नायत?"

"नाहीत."

"पोरं लहान हायत?"

"जयवंताएवढी. काही तिच्याहून लहान."

दोन वर्षांत भागूबाई एका दमात एवढं बोलली नव्हती. पहाटे उठून तिनं अकरा भाकरी थापल्या. आधी वर लसणीची चटणी ठेवली, मग गोऱ्या पोरांना तिखट सोसायचं नाही म्हणून ती काढली आणि प्रत्येक भाकरीवर गुळाचा खडा ठेवला. घरातला गूळ त्यात संपला.

सकाळी गुरुजी वीस पोरं घेऊन फलाटावर उभे राहिले. गाडी आली. खिडक्यांतून हात बाहेर आले, पण ते हात केसाळ होते. मागे दाढ्या वाढलेले चेहरे. गुरुजींना क्षणभर वाटलं, पोरांबरोबर त्यांचे काका-मामा असतील. आपली पोरं मात्र कशाला थांबतात! कोण म्हातारा, कोण तरणा, हे न बघता त्यांनी दिसेल त्या हातावर भाकर ठेवायला सुरुवात केली. तेवढ्यात डब्याच्या दारातला बंदूकवाला शिपाई हसला. तो साताऱ्याकडचा निघाला.

"काय मास्तर, एवढा पाहुणचार? इटलीचे कैदी हायत हे. बेंगळूरला चाललेत कॅम्पात."

 गुरुजींनी वळून पाहिलं. ओळीच्या शेवटी जयवंता उभी होती, भाकरींचं फडकं अजून सोडलेलं नव्हतं. तिनं शिपायाचं बोलणं ऐकलं होतं. तिच्यासमोरच्या खिडकीत एक तरणा पोरगा होता, ओठ फुटलेले, डोळे पिवळे. तो जयवंताकडे बघतच नव्हता, तिच्या हातातल्या फडक्याकडे बघत होता.

जयवंतानं गुरुजींकडे पाहिलं. नऊ वर्षांची पोर, बापाला मारणाऱ्यांच्या गाडीसमोर आजीच्या भाकरी घेऊन उभी, आणि काय करू म्हणून मास्तरला डोळ्यांनी विचारते. गुरुजींना शनिवारचा फळा आठवला. दर शनिवारी त्यांनी जे शिकवलं, त्याची जणू परीक्षाच समोर आली होती, आणि खरं सांगायचं तर परीक्षेत पास व्हायची घाई पोरीला नव्हती, मास्तरांना होती.

"दे," ते म्हणाले.

तिनं दिल्या. एकेक करून अकराही दिल्या. त्या पोरानं पहिली भाकर नाकाला लावली, मोडली आणि अर्धी मागच्या माणसाला दिली. मागून इंजिनं लागली, धक्का बसला, आणि गाडी घाटाकडे निघून गेली.

परतताना बाकीची पोरं गाडीवरून भांडत होती. पुलावर जयवंता गुरुजींच्या बाजूला आली. "गुरुजी, आजीला काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. मी सांगतो."

पण सांगायला गुरुजींचे पाय वळले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले, तर भागूबाई दारातच. "गुरुजी, खाल्ल्या का हो पोरांनी?" तिच्या तोंडावर हसू होतं. गुरुजी म्हणाले, "खाल्ल्या." हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. त्या एका शब्दावर भागूबाई जगायला लागली. विहिरीवर बायांना सांगू लागली, की मी गूळ घातला, चटणी काढून टाकली, एवढ्याशा जिवाला तिखट कसं सोसंल. दाढीवाल्यांची गोष्ट बायांनी आपापल्या पोरांकडून ऐकली होती, पण दोन वर्षांनी बोलती झालेल्या म्हातारीला ती कुणी सांगितली नाही. दाराशी तिनं एक गाडगं ठेवलं आणि रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ त्यात बाजूला टाकू लागली. पुन्हा गाडी येईल तेव्हासाठी. जाता-येता ते गाडगं गुरुजींना दिसायचं. बघता बघता पंधरवडा गेला.

जयवंतानं मात्र त्या दिवसापासून वर्गात तोंड उघडलं नाही. एका शनिवारी गुरुजींनी फळ्यावर बंगालातल्या उपाशी माणसांची बातमी लिहिली आणि मुद्दाम तिलाच विचारलं, दुखतंय कुणाला? ती उभी राहिली.

"मला नाय माहीत, गुरुजी."

ती खाली बसली. गुरुजींनी फळा पुसला, शाळा सोडली आणि तडक भागूबाईचं घर गाठलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. गुरुजींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हिरूचा निरोप, शिपायाचं बोलणं, आणि 'दे' हा शब्दही. तो लपवता आला असता, पण लपवला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

भागूबाईचा हात सुपात तसाच राहिला. ती म्हणाली, "तुमाला ठावं व्हतं, तरी दे म्हनालात?"

"तो भुकेला होता, भागूबाई."

"आसंल. माझा पोपट पन उपाशीच पडला आसंल डोंगरात. त्याचं मी कुनाला इचारू?"

तिनं सूप बाजूला सारलं.

"आन माझ्या नातीच्या हातून," ती म्हणाली. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "गुरुजी, माफी करायची व्हती तर मी केली असती. येक दिस केलीही असती कदाचित. माझी व्हती ती. तुमी ती परस्पर देऊन टाकलीत. मला इचारलं नाय."

ती उठली, गाडग्यातले तांदूळ घरच्या मडक्यात ओतले आणि गाडगं कुंपणाच्या खुंटावर उपडं घातलं. विहिरीवर ती पुन्हा हं म्हणायला लागली. जयवंताचं नाव मात्र शाळेतून काढलं नाही. काढलं असतं तर गुरुजींना सोपं गेलं असतं. पोर रोज समोर येऊन बसायची, पाढे म्हणायची, आणि शनिवारी खिडकीबाहेर बघायची.

दिवाळी झाली. थंडी पडली. एके संध्याकाळी पेपर आणायला गेलेल्या गुरुजींना हिरूनं बाजूला घेतलं. "गुरुजी, उद्या सांजला ती पोरांची गाडी हाय. या येळी मी बाबूला सोता इचारलंय. खरोखरची पोरं हायत."

गुरुजी घरी आले आणि रात्रभर कुशी बदलत राहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं भाकरी मागायच्या? आणि भागूबाईच्या घरावरून जाताना तर त्यांनी मान वर केली नाही. बिचारीला आता याचं नावही नको असेल, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी ते एकटेच फलाटावर गेले. खिशात भाजलेल्या शेंगांची एक पुडी.

गाडी आली. खरंच पोरं होती. कातरलेले केस, अंगापेक्षा मोठे कोट, गुडघे बाहेर आलेले. ती ओरडत नव्हती, हात पुढे करत नव्हती, नुसती बघत होती. गुरुजींनी पहिल्या खिडकीतल्या एका मुलीच्या ओंजळीत पुडी ओतली. पुढच्या खिडकीशी गेले तेव्हा पुडी रिकामी होती. तिथल्या पोरानं त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्याच्या पुढेही खिडक्या होत्या. शेवटच्या डब्यापर्यंत गुरुजी चालत गेले, का ते त्यांनाही कळलं नाही. इंजिनं लागली, आणि गाडी गेली.

तिथून ते सरळ भागूबाईच्या दारात आले. तिन्हीसांजेची वेळ, जयवंता ओसरीवर दिवा पुसत होती. हे सांगितलं तर तिला जरा बरं वाटेल, असं काहीतरी गुरुजींच्या मनात होतं.

"भागूबाई, आज ती पोरं आली होती. खरी."

ती आतून बाहेर आली. "कवा?"

"आत्ताच. संध्याकाळच्या गाडीनं."

"कशी व्हती?"

"लहान. फार लहान होती."

"काय खाल्लं त्यांनी?"

गुरुजींनी रिकामा कागद मुठीत दाबला. "माझ्याकडं शेंगांची पुडी होती."

"आन तुमाला कळलं कवा?"

"काल."

जयवंताचा हात दिव्यावर थांबला. भागूबाईनं कुंपणाकडे पाहिलं. खुंटावर गाडगं उपडं होतं, दोन महिन्यांच्या धुळीनं पांढरं पडलेलं.

"मला वाटलं," गुरुजी म्हणाले, "तुम्हाला आता ते नको असेल."

"तुमाला वाटलं," भागूबाई म्हणाली. "गुरुजी, त्या पोरांनी माझं काय वाकडं केलं व्हतं? रातभर बसून थापल्या असत्या मी." पदर डोक्यावर ओढून ती आत वळली, आणि उंबऱ्यातच थांबून म्हणाली, "पुन्यांदा इचारलं नाय तुमी."