लातूरच्या मेसमधला धूर

स्वयंपाकघरातला धूर बाहेर नेणारे पत्र्याचे डक्ट बसवण्यात माझे आणि सलीमभाईंचे आयुष्य गेले. डक्टच्या आतून तेलाचा थर चढत जातो, तसे या धंद्यातले किस्सेही मनावर चढत गेले. खरवडल्याखेरीज निघत नाहीत. नांदेडच्या आमच्या लहानशा कारखान्यात मापे मी घेतो, पत्रा सलीमभाई वाकवतात. चहाला बसलो की हल्ली एकाच मेसचा विषय निघतो.

ती मेस लातूरची, शिकवणी वर्गांच्या मुलांची. तिथे सरूबाई पोळ्या करत. मूळच्या इस्लापूरकडच्या. दिवसभर भट्टीसमोर उभ्या, आणि दिवसभर खोकला. डॉक्टरांनी त्यांना बजावले होते, "धुरात उभे राहू नका, जिवावर बेतेल." मापे घ्यायला गेलो, तेव्हा बाई आम्हांला म्हणाल्या, "धूर सोडून कुठं जाऊ, दादा? पोट बी त्याच धुरात हाय की!"

मेसच्या मालकांनी डक्टसाठी बोलावले ते बाईंसाठीच, असे आम्हांला वाटले!

* * *

मालकांची पहिली अट हूडविषयी, म्हणजे भट्टीवर धूर गोळा करणाऱ्या पत्र्याच्या छत्रीविषयी होती. "हूड असा चकाचक पायजे की जेवायच्या हॉलमधून पालकांना दिसला पायजे!"

भट्टी होती खिडकीपाशी. ती जागा हॉलमधून दिसत नव्हती. मी म्हणालो, "हूड धुराच्या वर असावा लागतो, पालकांच्या समोर नव्हे."

"काका, फी धूर भरतो का पालक?"

अखेर भट्टीच ओढून हॉलच्या दारासमोर आणली. हूड दिसू लागला. बाईंची खिडकी गेली!

* * *

आता डक्ट बाहेर काढायचा. मागची भिंत फोडली असती, तर सरळ मार्ग होता. परंतु मालकांचे वास्तुतज्ज्ञ आडवे आले. "ईशान्येला धूर? देवांना त्रास होईल!"

सलीमभाई शिडीवरूनच बोलले, "देवाला होऊ नाही, बाईला झाला तर चालतंय व्हय?"

डक्ट कोठीघराला वळसा घालून, न्हाणीवरून फिरवून आग्नेयेला काढावा लागला. प्रत्येक वळणावर हवेची ओढ कमी होते. सलीमभाई पत्र्यावर थाप मारून म्हणाले, "काका, इथवर येईस्तोवर धूर बी दमून राहिला!"

म्हणून मी हट्टाने धूर खेचणारा मोठा पंखा, ब्लोअर, बसवायला लावला. तेवढे एकच भांडण मी जिंकलो.

ब्लोअर प्रथम सुरू केला, तेव्हा सरूबाईंनी पदराचे टोक हुडाखाली धरले. ते सरळ वर उडाले. "अगं बाई! ह्यो तर पदर बी ओढून राहिला!" त्या हसल्या, आणि हसताना खोकल्या नाहीत.

* * *

दुसऱ्या खेपेस फिल्टर साफ करायला गेलो, तर ब्लोअर बंद. बाईंनी नाकाला पदर बांधलेला. मी बटण शोधू लागलो.

"न्हाई सापडायचं, दादा. ते सायबाच्या केबिनमंदी नेलंय."

तेवढ्यात ब्लोअर आपोआप घरघरू लागला. बाईंनी पदर सोडला, छातीभर श्वास घेतला आणि घाईने केस सारखे केले. "पालक आले वाटतं!"

खरोखरच दारातून मालक आत आले. मागे ट्रंक घेतलेला मुलगा आणि त्याचे आईवडील!

पालक गेले. ब्लोअर थांबला. मी केबिनमध्ये जाऊन मालकांना विचारले, "बाईंचा खोकला तुम्हांला ऐकू येत नाही का?"

"काका, मावशी आम्हाला आईसारख्या हायेत! पर ब्लोअरच्या आवाजानं पोरांचा अभ्यास होत न्हाई ना."

बाहेर आल्यावर सलीमभाई एवढेच म्हणाले, "सख्ख्या आईचं काय करत असंल हा माणूस?"

* * *

पुढे बऱ्याच महिन्यांनी मालकांचा फोन आला. ब्लोअरचे बेअरिंग गेले होते. "दिवसभर चालू राहतो ना, काका!"

मला आश्चर्य वाटले. एसटीत मी सलीमभाईंना म्हणालो, "माणूस सुधारतो, हे मान्य करा." त्यांनी तोंड खिडकीकडे वळवले.

मेसमध्ये गेलो. ब्लोअर कुरकुरत का होईना, चालू होता. धुराचा मागमूस नाही. भट्टीसमोर कोणी दुसरीच बाई होती, आणि हूडशेजारी, हॉलमधून नेमका दिसेल अशा जागी, सरूबाईंचा मोठा फोटो. त्याला चंदनाचा हार. खाली सोनेरी अक्षरांत 'आमची अन्नपूर्णा'.

मालकांनी फोटोला हात जोडले. "मावशी गेल्या, काका. लई जीव लावला व्हता पोरांना."

मग सलीमभाईंनी विचारले, "आन् ब्लोअर आता दिवसभर कसा काय?"

"ठेवावाच लागतो, भाई! पहिला फोटो धुरानं पार काळा पडला."