घरून शिकलेलं

अकोल्याचा खुशालराव वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि भित्रेपणाला रीत म्हणायची त्याला खोड होती.

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. साहेबांची गोदामं उभी राहिली, चार इंग्रजी शब्द येणाऱ्याचा भाव वधारला. खुशालराव अशाच एका गोदामात कारकून होता. नवे शब्द तो वहीत उतरवून आणायचा आणि चुलीपाशी बसून बायकोला, कौशल्येला, वाचून दाखवायचा. एकदा गाडी अडली. इंग्रजीत पेरणं म्हणजे 'सो' आणि शिवणं म्हणजेही 'सो'. लिहायला वेगळे, कानाला एकच. गोदामातल्या नव्या कारकुनांना शब्द तोच समजावायचा; त्यांच्या डोक्यात हे घालायचं कसं?

कौशल्येने दोन्ही कामं जन्मभर केलेली. ती म्हणाली, "पेरताना मूठ सोडा लागते. शिवताना चिमूट सुटली का काम गेलं. थे हातानंच करून दाखवा."

दुसऱ्या दिवशी त्याने तसंच करून दाखवलं. साहेब खूश झाला. अमरावतीच्या कारकुनांना शिकवायचं काम त्याने खुशालरावाला दिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, ही युक्ती कुणाची? खुशालराव म्हणाला, माझीच.

वर घरी येऊन हे फुशारकीने सांगितलं! कौशल्येने विचारलं, तिथे माझं काही निघालं का? त्याने लगेच रीत पुढे केली. चार माणसांत बायकोचं नाव कोण घेतं?

"नाव नोका घेऊ," ती म्हणाली. "घरून शिकलो, इतकं तं सांगता आलं असतं."

तेवढं सांगायला कुठलीच रीत आड येत नव्हती. त्यालाही ते कळत होतं.

पुढच्या खेपेला आठवडा आणि अशक्त, दोन्ही 'वीक', असा पेच घेऊन तो चुलीपाशी आला. कौशल्या भाकरी थापत राहिली. "तुमाले येत असंन," एवढंच म्हणाली. तो कासावीस झाला. अमरावतीला साहेब शिकवणी पाहायला आला, तेव्हा त्याने सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. साहेब हसला. बायकोवर फार जीव दिसतो तुझा, म्हणाला. बाकीचे कारकूनही हसले; खरं कुणालाच वाटलं नाही. खरं बोलायलाही वेळ असते, ती याने घालवली होती.

पुढे तीस वर्षं संसार झाला. भांडण असं कधी झालं नाही. खुशालराव वही उघडून शब्द वाचायचा, अडला की थांबायचा, तिच्याकडे पाहायचा. कौशल्या ऐकून घ्यायची आणि काही बोलायची नाही.