पॅसिव्ह मॅडम

आमच्या मॅडमच्या बोलण्यात कर्ता नसायचा. प्रयोगशाळेत पाऊल टाकल्या टाकल्या त्या म्हणायच्या, “पंखा चालू ठेवला गेला आहे.” कुणी ठेवला, हे विचारायची सोय त्या वाक्यात नसे. “काचेची नळी फोडली गेली आहे.” “हजेरीपट घरी विसरला गेला.” हजेरीपट त्या स्वतःच विसरून आलेल्या असत, पण ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी तिऱ्हाईत त्यांच्या घरी येऊन तेवढं विसरण्याचं काम करून गेला. आयुष्यभर इंग्रजीत शोधनिबंध लिहून लिहून तिथला पॅसिव्ह व्हॉइस त्यांच्या मराठीत मुक्कामाला आला होता. आम्ही विद्यार्थी त्यांना पाठीमागं पॅसिव्ह मॅडम म्हणायचो. त्यांच्या कानावर ते गेलेलंच होतं. “असं म्हटलं जातं,” एवढं बोलून त्या सूक्ष्मदर्शकात डोळा घालत.

नांदेडच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. विषय होता तुरीवरचा मर रोग. उभं, हिरवंगार, फुलावर आलेलं झाड बघता बघता वाळतं, तो हा रोग. मी शिरूर अनंतपाळचा. वडिलांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान. माझ्या संशोधनाबद्दल त्यांचं मत ते गिऱ्हाइकांना उघड सांगत, “पोरगं तुरीला मर का लागते ते शोधून राहिलंय. औषध आपल्याच दुकानात हाय, पर बापाला इचारायचं न्हाई.” विद्यापीठाचा नियम असा होता की, पहिलं नाव आपलं असलेला एक तरी इंग्रजी शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध जमा करून घेत नसत. माझ्या नोंदणीची मुदत त्या उन्हाळ्यात संपणार होती. तोवर निबंध आला नाही तर सगळी वर्षं पाण्यात आणि मी दुकानाच्या गल्ल्यावर, असा साधा हिशेब होता.

इंग्रजी माझ्याकडं उशिरा आली होती आणि आल्यावरही पाहुण्यासारखी दाराजवळच बसून होती. पहिल्या खरड्यात मी लिहिलं, ‘लीव्ह्ज वेअर ड्राइंग अँड रिमेनिंग.’ मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं, मग चष्मा काढून विचारलं, “पानं वाळून कुठं राहिली?”

“कुठं न्हाई मॅडम. वाळून राहिली. म्हणजे वाळत होती.”

“हां. शिरूरला पानं वाळून राहतात, नागनाथ. इंग्रजीत नुसती वाळतात.” आणि त्यांनी ‘रिमेनिंग’वर पेन्सिलीची बारीक रेघ ओढली. त्या रेघेत राग नसायचा. पुढच्याच ओळीत मी ‘द प्लँट वॉज डाइड’ लिहिलं होतं. मॅडमचा एवढा आवडता पॅसिव्ह मी आपणहून वापरला म्हणून शाबासकी मिळेल, अशी माझी अपेक्षा. त्या म्हणाल्या, “डायला पॅसिव्ह नसतो रे. मरायचं ते ज्याचं त्यालाच करावं लागतं.” इंग्रजी व्याकरणाचा एवढा मोठा नियम एवढ्या थोडक्यात मला नंतर कुणी सांगितला नाही.

त्यांचा खरा वैरी म्हणजे ‘आय’. एकदा मी ‘आय सॉ’ असं लिहून बसलो. मॅडमनी खोडरबर घेऊन तो ‘आय’ असा पुसला की कागदाला भोक पडलं. म्हणाल्या, “पाहणारा तू कोण? ‘इट वॉज ऑब्झर्व्ह्ड’ लिही.” मी हट्टाला पेटलो आणि म्हणालो, पण पाहिलं तर मीच होतं. तेव्हा त्यांनी स्वतःबद्दलची एक गोष्ट सांगितली. वडील मुदखेडला रेल्वेत गँगमन, घरात कॉलेजचं तोंड पाहिलेल्या या पहिल्या. एम.एस्सी.च्या प्रबंधात त्यांनी मोठ्या हौसेनं ‘आय फाउंड’ लिहिलं. “सगळ्यांसमोर वाचून दाखवलं गेलं. तू कोण शोधणारी, असं विचारलं गेलं. हसलं गेलं.” कुणी वाचलं, कुणी विचारलं, कोण हसलं, त्यातलं काहीही सांगितलं गेलं नाही. मग त्या म्हणाल्या, “इंग्रजीत एकटं माणूस स्वतःला कॅपिटल अक्षरात लिहितं. आमच्या घरात कॅपिटलमधे लिहावं असं काही नव्हतं.” मी गुपचूप ‘इट वॉज ऑब्झर्व्ह्ड’ लिहून टाकलं.

प्रयोगाची तूर शिरूरच्या एका शेतात लावली होती. तिथल्या झाडांना मार्क द्यायला मात्र त्या जातीनं यायच्या. मर किती लागली, हे मोजायला यंत्र नाही. झाडासमोर उभं राहून, नजरेनं पाहून, ठरलेल्या पट्टीवर मार्क द्यायचे. झाड धडधाकट असेल तर सगळ्यांत कमी, पार वाळलं असेल तर सगळ्यांत जास्त. मी आधी द्यायचो, मग मॅडम त्याच झाडासमोर उभ्या राहून माझा आकडा न बघता आपला द्यायच्या. जुळला नाही तर दोघं पुन्हा पहिल्यापासून. डोक्यावर ओढणी, पायात बाटाचे पुरुषी बूट, आणि उन्हानं लाल झालेला चेहरा. बांधावरच्या एका म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं होतं, “बाई, वाळल्या झाडाला जादा मार्क देऊन राहिल्या व्हय? मग जित्यानं काय पाप केलं?” मॅडम म्हणाल्या, “पद्धत तशी ठरवली गेली आहे काका.” काकांना ती पद्धत सरकारी वाटली असावी, कारण ते हात जोडून वाटेला लागले.

आता आमचे विभागप्रमुख. हे सर अत्यंत उदार. विभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक निबंधाला ते स्वतःचं नाव देत असत, आणि तेही पहिलं. तूर त्यांनी पाहिली होती, पण ती वरणात. आमचा निबंध पहिल्यांदा परत आला तेव्हा एका परीक्षकाचा शेरा होता की, भाषा एखाद्या नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्यावी. मॅडम शेरा वाचून म्हणाल्या, “नेटिव्ह म्हणजे मूळचा ना? तुरीबद्दल लिहायला शिरूरपेक्षा मूळचं कोण आणायचं?” पण प्रमुख सरांनी ती जबाबदारी घेतली. त्यांचा भाचा परदेशात कॉम्प्युटरचं काम करतो. तिथं राहून तो मूळचा झाला असणार, असा सरांचा तर्क. भाच्यानं निबंध कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून काढला आणि परत पाठवला. सॉफ्टवेअरला तूर माहीत नव्हती, टूर माहीत होती. त्यामुळं आमच्या निबंधात मृगात सहली पेरल्या, दिवाळीनंतर सहलींना रोग लागला आणि मुळासकट उपटलेल्या सहली प्रयोगशाळेत आणल्या. सर म्हणाले, “बघा, भाषेला कसा ओघ आलाय.” मॅडमनी आठवडाभर बसून एकेक सहल पुन्हा तुरीत आणली.

निबंध पुन्हा गेला आणि पुन्हा आला. या वेळी दुसऱ्या परीक्षकानं एकच प्रश्न विचारला होता, पण वर्मावर बोट ठेवून. तुम्ही सगळीकडं ‘वॉज स्कोअर्ड’ लिहिलंय. नजरेनं दिलेले मार्क माणसागणिक बदलतात. तेव्हा झाडांना मार्क नेमके कोणी दिले, ते लिहा. त्याशिवाय निबंध घेता येणार नाही. शिवाय प्रत्येक लेखकानं काय काम केलं ते नावानिशी कळवा. मॅडमनी ते पत्र हातात धरलं. एम.एस्सी.नंतर ज्यांनी कधी कर्ता लिहिला नाही, त्यांच्याकडं कुणीतरी हजारो मैलांवरून कर्ता मागत होता.

प्रमुख सरांनी दोघांना खोलीत बोलावून घेतलं. निबंधावर पहिलं नाव अजून माझं होतं, ते त्यांना खुपत होतंच. ते म्हणाले, “यात काय एवढं? ‘स्कोअर्ड बाय द ऑथर्स’ लिहा. ऑथर्समधे सगळे येतात. आणि मार्क देणं ही मुख्य गोष्ट म्हणता ना, मग मुख्य माणसाचं नाव पहिलं हवं. पोराचं काय, तो लहान आहे, पुढं लई पेपर होतील त्याचे.” मग टेबलावरच्या एका फाईलवर हात ठेवून, बोलणं बदलल्यासारखं करत त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमची बढतीची फाईल इथंच आहे बरं का. प्राध्यापक व्हायचंय ना? रिटायरमेंटला किती राहिलं?” मॅडमची ती फाईल सरांच्या सहीशिवाय पुढं जात नव्हती. मी मॅडमकडं बघितलं. त्या सरांच्या खिडकीकडं बघत होत्या. “विचार केला जाईल,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मी घरी वडिलांना फोन करून दुकानात एक खुर्ची वाढवायला सांगितली. मला पॅसिव्ह मॅडमचा भरवसा वाटत नव्हता, हे खरं आहे. जिनं पंखा चालू ठेवणाऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, ती याचं काय घेणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी परीक्षकाला लिहिलेलं उत्तर आणि सुधारलेला निबंध माझ्यापुढं ठेवला. उत्तरात इंग्रजीत तीन वाक्यं होती. नागनाथनं झाडांना मार्क दिले. आय, म्हणजे मॅडमनी, ते सगळे तपासले. तिसरं कुणीही शेतात गेलं नाही. कागदावर तो ‘आय’ सरळ उभा होता आणि भोवती खोडाखोड नव्हती. लेखकांच्या यादीत आम्ही दोघंच होतो, पहिलं नाव माझं. मी घाबरून विचारलं, “आणि सर?”

“सरांना सोडलं गेलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या आणि पान उलटलं. अगदी शेवटी, आभाराच्या जागी, एक ओळ होती. तिचा मराठीत अर्थ असा की, विभागात खोली उपलब्ध करून दिली गेली, याबद्दल आभार मानले जातात. कुणी काय केलं हे सांगणाऱ्या ओळींत तेवढं एकच वाक्य मॅडमनी पॅसिव्ह ठेवलं होतं. काहीच न करणाऱ्या माणसासाठी ते त्यांनी इतकं नेमकं वापरलं होतं की मी हसत सुटलो आणि मॅडम गंभीर राहून म्हणाल्या, “हसलं जाऊ नये. व्याकरण बरोबर आहे.”

निबंध छापून आला, प्रबंध वेळेत जमा झाला, पुढं मला लातूरला नोकरी लागली. दुकानातली वाढीव खुर्ची गिऱ्हाइकांच्या कामी आली. वडील आता सांगतात, “मर का लागते ते पोरानं शोधलं. औषध मातर अजून आपलंच.” मॅडमची फाईल सरांच्या टेबलावरून हलली नाही. कधी एखादा कागद कमी निघाला, कधी नियम बदलला. त्या सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाल्या. निरोप समारंभात प्रमुख सर भरभरून बोलले. मी यांना संधी दिली, मी यांना लिहितं केलं, मी विभाग उभा केला. सरांच्या बोलण्यात कर्त्याची कधी टंचाई पडली नाही. मॅडमनी शाल घेतली, नारळ घेतला, “आभार मानले जातात” म्हणाल्या आणि खाली बसल्या. सभागृहात टाळ्या पडल्या आणि मला संताप आला.

आता माझ्याकडंही विद्यार्थी येतात. त्यांचं इंग्रजी गुळगुळीत असतं, कारण ते त्यांनी लिहिलेलंच नसतं. मोबाईल लिहून देतो. मी प्रत्येकाला विचारतो, हे कुणी केलं, शेतात कोण गेलं होतं? पोरं एकमेकांकडं बघतात. मला त्यांनी मागं काय नाव ठेवलंय, त्याची चौकशी मी करत नाही.

परवा नांदेडला गेलो, तसाच पुढं मुदखेडला उतरलो; निवृत्तीनंतर मॅडम तिथं राहायला गेल्या होत्या. मॅडम ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. तब्येत उतरलेली, आवाज तोच. इकडचं तिकडचं झालं. मग इतकी वर्षं मनात धरून ठेवलेलं मी बोलून टाकलं. “मॅडम, सरांनी तुमची फाईल दाबली. माझ्या पेपरसाठी तुमची बढती गेली.”

“सरांनी कुठं दाबली?” त्या शेंगेवरून नजर न काढता म्हणाल्या. “त्यांना तेवढी अक्कल होती व्हय? ती तीन वाक्यं लिहायच्या आधी मला माहीत होतं काय जाणार ते. मी घालवली, नागनाथ. मी.”

त्यांच्या तोंडून ‘मी’ ऐकायची मला सवय नव्हती. डोळे भरून आले ते त्यांना दिसू नयेत म्हणून मीही एक शेंग उचलली आणि विचारलं, “वाईट वाटतं का?”

मॅडमनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली. दाणे वाटीत टाकले.

“वाटतं की. मला प्राध्यापक व्हायचं होतं.”