खुर्ची नको, मी पंगतीत बसते

मंडळी, आज आळे गावात पुतणीच्या बाळाचं बारसं होतं. मी पंगतीकडे वळताच धाकटे दीर ओरडले, "वैनी, खुर्ची घ्या! खाली बसलात तर उठवायला क्रेन लागंल."

गेल्या वर्षी मी न्हाणीघरात पडले. तेव्हापासून जपण्याच्या नावाखाली सगळ्यांनी मला खुर्चीला खिळवलंय. पुन्हा पडलीस तर गावातलं घर बंद करून पुण्याला नेईन, ही मुलाची धमकी वेगळीच. म्हणून चार महिने फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे ओट्याला धरून रोज टाचा उचलल्या, पायांत ताकद आणली.

आज मांडी घालून पोटभर जेवले आणि कुणाचाही हात न धरता उठले!

दीर म्हणाले, "लई भारी, वैनी!" बारशाला पुण्याहून आलेला मुलगा हसून म्हणाला, "बरं, राहा गावातच."

तुमच्याकडची म्हातारी माणसं रोज व्यायाम करतात का? नसतील, तर त्यांना अडवतंय कोण?