तिसऱ्या रकान्यातली खूण

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि बायकोला मी काय सांगत नाही? दाढ दुखली तर सांगतो, दुखली नाही तरी सांगतो. माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही अशी अख्ख्या अमरावतीत माझी ख्याती. मला गुपित सांगणं म्हणजे ऑटोवर भोंगा बांधून गावभर फिरवणं. तरीही हे एवढं एक टिकलं. आठ वर्षं टिकलं. कसं टिकलं याचं माझं मलाच नवल वाटतं.

आज सांगतो. सरळ सांगता येईल असं वाटत नाही – मला सरळ सांगायची सवयच नाही. पण पोचेन.

मी गोष्टी सांगतो. धंदाच तो. वय त्रेपन्न, पोट सुटलेलं, आवाज दणदणीत. राक्षस, कोल्हा, तोतरा वाणी, बहिरी सासू, सगळे माझ्या घशात भाड्याने राहतात. अमरावती आणि अकोल्याच्या शाळांमध्ये मी ‘गोष्टीवाले सर’. मी आवारात शिरलो की पोरं खिडक्यांना लोंबकळतात. हे मी फुशारकीने सांगतोय का? हो, फुशारकीनेच सांगतोय. फुशारकी हीच तर माझी भानगड.

दोन्ही जिल्ह्यांत शाळा असलेली एक शिक्षणसंस्था वर्षातून एकदा आपल्या सगळ्या पोरांना एक सिनेमा दाखवायची. तो मुलांना दाखवण्याजोगा आहे की नाही हे आधी कोणीतरी ठरवायला हवं, आणि ते काम माझ्याकडे होतं. माझी पद्धत होती, स्वतः शोधलेली. मी सिनेमा बघायचोच नाही. पडद्याखाली खुर्ची टाकायची, पडद्याकडे पाठ करायची आणि पोरांची तोंडं बघायची. मोठ्या माणसाने पडद्याकडे बघून काय कळणार? सिनेमा चांगला की वाईट ते पोराच्या तोंडावर उमटतं. मांडीवर एक तक्ता. त्यात तीन रकाने – हसली, कंटाळली, घाबरली. दर पाच मिनिटांनी योग्य त्या रकान्यात खूण. शेवटी खुणा मोजायच्या, आणि तिसऱ्या रकान्यात एक जरी खूण असली तरी सिनेमा बाद. हा नियमही माझाच. संस्थेचे सचिव लोकांना सांगायचे, आमच्या सरांचा तक्ता म्हणजे तराजू.

तर असा मी तराजू.

युसूफभाई अकोल्याचे. गाड्यांची सीट कव्हरं शिवायचे. कापून उरलेलं रेक्झिन, फोमचे तुकडे, जुनी बटणं, यांतून त्यांनी बाहुल्या केल्या होत्या, हातात घालून नाचवायच्या. आणि त्या बाहुल्यांचा एक सिनेमा केला होता. सव्वा तासाचा, विनोदी, घरच्या घरी, मोबाइलवर. दर शुक्रवारी दुकान बंद, की गच्चीवर चादरी बांधून शूटिंग. बायको नसीमभाभी कपडे शिवायच्या, मुलगी सना बकरी व्हायची आणि युसूफभाईंची अम्मी नानी व्हायची. अम्मी म्हणजे सत्तरीतली बाई, जन्मभर गाद्या शिवलेली. हे करायला त्यांना चार वर्षं लागली. सिनेमा करणं म्हणजे काय हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणूनच बहुधा त्यांनी तो केला.

गोष्ट साधी. एक नानी, एक बकरी. बकरी सगळं खाते – रेशनकार्ड खाते, लग्नाची पत्रिका खाते, पाहुण्यांचा एक बूट खाते. नानी तिच्यामागे लाटणं घेऊन धावते आणि शेवटी तिलाच मांडीवर घेऊन बसते.

त्या वर्षी युसूफभाईंनी तो संस्थेकडे आणला, आणि पारखायला वलगावच्या शाळेत आम्ही तो लावला. खिडक्यांना सतरंज्या, खाली तिसरी-चौथीची बत्तीस पोरं. माझ्या नियमाप्रमाणे युसूफभाई बाहेर व्हरांड्यात. मी पडद्याकडे पाठ करून बसलो.

पहिला तासभर माझं पेन पहिल्या रकान्यातून हललंच नाही. पोरं हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. मी हसली, हसली, हसली अशा खुणा करत होतो. आणि मग सगळं थांबलं.

मी बत्तीस पोरांची शांतता कधी ऐकली नव्हती. शांतता म्हणजे मी डोळे वटारल्यावरची नव्हे, राक्षस येणार म्हणतानाची पण नव्हे. कुणी खोकलं नाही, कुणी कुणाला चिमटा काढला नाही. एका पोराच्या हातात चणे होते, तो हात तोंडापाशी पोचलाच नाही. आणि बत्तीसच्या बत्तीस पोरं माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होती – देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर माणसं बघतात ना, तशी.

इतक्या वर्षांत मी एकदाही मान वळवली नव्हती. त्या दिवशी वळवली.

पडद्यावर नानी आडवी झाली होती, थकलेली. बकरी शेजारी काहीतरी चघळत होती. आणि नानीच्या झग्याखालून हळूहळू एक हात बाहेर आला. खरा, माणसाचा. म्हातारा हात – शिरा वर आलेल्या, बोटांना सुयांचे जुने व्रण, एक चांदीची अंगठी. तो बाहेर येता येता नानी विझत गेली. विझणं म्हणजे काय ते मी पहिल्यांदा पाहिलं, तेही रेक्झिनच्या तुकड्यात. हाताने नानीची ओढणी नीट केली. बकरीच्या डोक्यावरून एकदा फिरला. बकरीचं चघळणं थांबलं. मग हात निघून गेला.

आता काय होणार? मलाही ठाऊक नव्हतं, आणि गोष्टीत पुढे काय होणार हे मला ठाऊक नाही असं शेवटचं कधी झालं होतं? मग दुसऱ्या बाजूने एक लहान हात आला. कोवळा, नखांना मेंदी लावलेला. जरा घुटमळला. मग नानीत शिरला. आणि नानी उठून बसली, तीच नानी, पण मान जराशी वेगळी हलवणारी, आणि नव्या बारीक आवाजात म्हणाली, ‘बकरे, आता काय खाल्लं गं तू?’

मी परत पोरांकडे वळलो. हसली का ती? नाही. पुढच्या ओळीतली एक मुलगी स्वतःच्या हाताकडे बघत होती. उलटा करून, सुलटा करून. तिच्या मागचा पोरगाही. मग मला दिसलं – किती तरी पोरं आपापला हात डोळ्यांसमोर धरून बसली होती. जणू कुणीतरी तो आत्ताच त्यांना दिला होता.

सिनेमा संपल्यावर मी एक गोष्ट सांगायची अशी रीत होती. मी उभा राहिलो आणि माझी हुकमी गोष्ट काढली, ज्यात शेवटी मी ‘भॉऽऽ’ करून ओरडतो आणि अख्खा वर्ग उडतो. ओरडलो. पोरं उडाली नाहीत. त्यांनी टाळ्या वाजवल्या – पाहुण्यांना वाजवतात तशा. आणि ती पुढची मुलगी मला म्हणाली, ‘सर, तो हाताचा पिच्चर पुन्हा लावा ना जी.’

तक्ता मी त्यानंतर भरला.

त्या पाच मिनिटांची जागा कोरी होती. हसली नव्हती, कंटाळली तर नव्हतीच. जे झालं होतं त्याला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. मग चौथा काढायला काय जात होतं? तक्ता माझा, पेन माझं, रेघ मारायला पट्टीदेखील लागत नव्हती. रकान्याला नाव काय द्यायचं हेही मला कळलं होतं. मी तिसऱ्या रकान्यात खूण केली. घाबरली.

का? शब्द लहान आहे हो. जळलो. आयुष्यभर पोरांना हसवलं, दचकवलं, रडवलं आणि ती शांतता मला एकदाही मिळाली नव्हती. एका सीट कव्हरवाल्याला ती गच्चीवर चादरी बांधून मिळाली.

व्हरांड्यात युसूफभाई दाराकडे डोळे लावून उभे होते.

‘सर, पोट्टे हासले ना? मले इथवर आयकू येत होतं.’

‘हसले. खूप हसले. पण तो हात – त्या हाताला घाबरले.’

‘भेले?’ त्यांनी एकदा आत पोरांकडे पाहिलं. ‘मले तं वाटलं होतं का तेच पोट्ट्याईले... जाऊ द्या. तुमी पोट्ट्याईचे मास्तर. आमी सीट शिवनारे, आमाले काय समजते? काय करू सांगा.’

इथे मी अजूनही परत फिरू शकत होतो. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला – बघा, खांद्यावर हातसुद्धा ठेवला – आणि म्हणालो, ‘तेवढं काढून टाका. मग मी पुन्हा बघतो.’

महिनाभरात त्यांनी बोलावलं. मी अकोल्याला घरी गेलो. भिंतीला टेकून नानी ठेवली होती, नुसती चिंधी. सना बोलता बोलता तिच्यात हात घालायची आणि चिंधी माझ्याकडे मान वळवून बघायची. मी नजर चुकवायचो. बाहुलीची. युसूफभाई सांगत होते, कापलं सगळं. एडिटिंगवाल्या मित्राच्या कॉम्प्युटरवर जागा नव्हती, म्हणून जुनं सगळं पुसूनही टाकलं. आता साफ आहे.

‘मोबाइलवर असेल ना मूळचं?’ मी विचारलं.

‘तो मोबाइल कवाच बिगडला सर. पन काहून पाह्यजे? तुमीच तं काढाले सांगतलं.’

मग अम्मी आतून खिरीची वाटी घेऊन आल्या. त्यांनी ती ओढणीच्या पदरात धरून माझ्यापुढे केली. मला वाटलं वाटी गरम असेल. वाटी गार होती. मी ती घेतली तरी त्यांनी हात पदरातून काढला नाही. उभ्याच राहिल्या. मग हळूच विचारलं, ‘बेटा, सच में डर गये थे क्या बच्चे? मेरे हाथ से?’

युसूफभाई म्हणाले, ‘अम्मी, सरांनी खुद पाह्यलं नं.’

अम्मी माझ्याकडे बघत होत्या. एक ‘नाही’ म्हणायला किती वेळ लागतो? मी, ज्याच्या घशात एवढी बिऱ्हाडं, मला एक आवाज सापडला नाही. मी मान हलवली. होकाराची. आणि खीर खाल्ली. छान झालीय म्हणालो.

मी तिथे बसलो होतो तेवढा वेळ तो हात मला पुन्हा दिसला नाही.

कापलेला सिनेमा मी पास केला. हसली, हसली, शेवटपर्यंत हसली. दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या शाळांत तो लागला. पोरं बुटावरून खदखदली, आणि शाळा सुटेपर्यंत विसरली. युसूफभाईंचं नाव झालं. ते मला ईदला शिरखुर्मा पाठवतात, अजूनही. डब्यावर सनाच्या अक्षरात माझं नाव असतं. अम्मी चार वर्षांपूर्वी गेल्या. मातीला मी गेलो होतो. तिथेही युसूफभाई आलेल्यांना माझी ओळख करून देत होते – ‘ह्याईच्यामुळं अम्मीचा पिच्चर लोकाईनं पाह्यला.’

मागच्या हिवाळ्यात संस्थेने अमरावतीत शिक्षकांसाठी बाहुल्यांचं शिबिर घेतलं. शिकवायला युसूफभाई, अध्यक्षस्थानी मी. ते छान शिकवतात. त्यांनी एका शिक्षिकेचा पायमोजा मागून घेतला, त्यात बोटं घातली, आणि तो पायमोजा जांभई देऊन अख्ख्या सभागृहाकडे असा बघू लागला की त्या बाई आपल्याच पायमोज्याला ‘ये, बस ना’ म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो. मला खरंच आनंद झाला होता, तो अजूनही होतो, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

मग त्यांनी पायमोजा उतरवला तो टेबलाखाली हात नेऊन, कुणाला दिसू न देता. आणि म्हणाले, ‘एक गोष्ट पक्की लिहून घ्या. बाहुलीतला हात पोट्ट्याईले कधीच दिसू द्याचा नाही. लय भेतात. आमी एकदा ही गलती केलती. सरांनी पाह्यलं, सरांनी सांगतलं, म्हनून वाचलो.’

त्यांनी माझ्याकडे हात केला. चाळीस शिक्षकांनी वह्या उघडल्या आणि ते लिहून घेतलं. मी अध्यक्षाच्या खुर्चीतून मान हलवली.

ते शिक्षक आता आपापल्या गावी तसंच शिकवत असतील.

वलगावात त्या दिवशी एकही पोर घाबरलं नव्हतं. त्यांची तोंडं मी पाहिली होती. त्या खोलीत पडद्याकडे पाठ करून बसलेला मी एकटाच होतो, त्यामुळे हे सांगू शकेल असं दुसरं कुणी नाही.