मांडवात उशिरा आलेले अण्णा

खिजरभाईचा स्टुडिओ कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत, एका जिन्याखाली. त्याचं नाव झालं ते फोटो काढण्यात नव्हे, फोटोत माणूस बसवण्यात. रुसलेला मामा, सुट्टी न मिळालेला फौजी भाऊ, देवाघरी गेलेली आजी, सगळ्यांना त्यानं मांडवात आणून उभं केलं. पोटापाण्याचा धंदा खरा, पण पुण्यही त्यात होतंच.

कागलचे गणपतीअण्णा त्यातलेच. लेक संयोगितानं जातीबाहेर लग्न केलं म्हणून अण्णा मांडवाकडे फिरकले नाहीत. बायको आक्काताई एकटीच गेली आणि फोटोत शेजारी एका माणसाची जागा सोडून उभी राहिली. पुढं नात झाली, निशिगंधा, आणि अण्णांचा राग लोण्यासारखा वितळला. तेव्हा ते गुपचूप खिजरकडे आले. खिजरनं पासबुकावरचं अण्णांचं तोंड घेतलं, खाली स्वतःच्या वडिलांचं, बाबालालचं, धड जोडलं, आणि अण्णा लग्नाला हजर झाले. नातीला तोच फोटो दाखवत त्यांनी वाढवलं.

आता त्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. रविवारच्या कार्यक्रमाला निशिगंधाला तो फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचा होता. अल्बममधल्या फोटोला बुरशी लागलेली, म्हणून खिजरनं जुनी फाईल उघडली. मधल्या काळात सॉफ्टवेअर कितीदा तरी बदललं होतं. नव्या सॉफ्टवेअरला मूळ फोटो कळला, वरून बसवलेला भाग मात्र कळलाच नाही. आक्काताई होती, शेजारी मोकळी जागा होती. अण्णा गेले होते, आणि त्यांच्याबरोबर खिजरचा बापही. नात बघणार आणि म्हातारा उघडा पडणार. त्यानं अण्णांना फोन करून बोलावून घेतलं.

"अण्णा, दुसरा कुठला जुना फोटो द्या. तासाभरात बसवतो. कुणाला पत्ता लागणार न्हाय."

अण्णा पडद्याकडं बघतच राहिले. मागं आले होते तेव्हा लाजेनं त्यांनी हा मूळ फोटो नीट पाहिलाच नव्हता.

"येकलीच हुबी हाय रं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. मग नाक पुसून म्हणाले, "फेटा हाय का तुज्याकडं?"

"हाय की."

"बांध. आनि माझा आत्ताचा फोटो काढून बसीव."

"अवो, नातीला कळंल!"

"कळू दे. लई वर्सं तुज्या बापाच्या अंगावर मिरवलो."

"सुरकुत्या तरी पुसू का?"

"नगं. उशिरा आलोय, दिसू दे की."

रविवारी हॉलमध्ये फोटो लागला. पन्नाशीतल्या आक्काताईशेजारी ऐंशीचा म्हातारा बघून लोक खो खो हसायला लागले. निशिगंधानं विचारलं, "आजोबा, हे काय? तुम्ही एवढे म्हातारे कसे?"

"तवा मी गेलतोच न्हाय, बाळ. रुसून घरात बसलोतो. आदीचा फोटो खोटा हुता."

कोपऱ्यात उभ्या खिजरला तर कुठं तोंड लपवावं कळेना. संयोगितानं फोटोकडं बघितलं, मग बापाकडं. पंचवीस वर्षांत ती या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. ती पुढं आली, अण्णांचा हात धरला आणि त्यांना पंगतीकडं घेऊन निघाली.

"आलासा न्हवं अण्णा? मग आता जेवल्याबिगर जायचं न्हाय."